वरळीचं जपानी बुद्धमंदिर: कोणी बांधलं, का बांधलं, आणि आत जाता येतं का?

मेधा_कांदिवली
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस अंधेरीहून वरळी नाक्याला हललंय आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. पोदार हॉस्पिटलच्या समोर, ॲनी बेझंट रोडला एक बुद्धमंदिर आहे, पूर्वी बसमधून जाता-येता दिसायचं पण कधी लक्ष दिलं नव्हतं, आता रोज चालत त्याच्यावरून जाते. संध्याकाळी निघताना आतून ढोलाचा आवाज येतो, एका ठेक्यात, न थांबता, आणि सोबत काहीतरी म्हणत असतात. ते पाली नाही एवढं नक्की, कारण आमच्या सोसायटीमागच्या विहारातली बुद्धवंदना लहानपणापासून कानावर आहे.
ऑफिसात विचारलं तर एकजण म्हणाला ते चिनी लोकांचं आहे, एक मॅडम म्हणाल्या बिर्लांचं आहे, आणि खालचे सिक्युरिटीवाले काका म्हणाले तिथे जपानी बाबा असतात, गांधीजींच्या ओळखीतले. आता गांधीजींच्या ओळखीतला माणूस आज कसा असेल हे मी त्यांना विचारलं नाही. नेटवर बघितलं तर रिव्ह्यू ढीगभर पण सगळे 'खूप शांत वाटलं, जरूर भेट द्या' छाप, माहिती शून्य. कोणी नीट सांगेल का की हे नक्की कोणाचं, मुंबईत जपानी मंदिर आलं कुठून, आपल्याकडच्या विहारांपेक्षा आत वेगळं काय असतं, आणि दोन मुलांना (वय ७ आणि ११) घेऊन सरळ आत गेलं तर चालतं का की आधी विचारावं लागतं?

जुनीमुंबई
मेधाताई, चिनीवाला सोडला तर बाकी दोघांकडे अर्धं अर्धं उत्तर आहे. चिनी मंदिर आहे ते माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, त्याचा इथे काही संबंध नाही.
वरळीचं मंदिर निप्पोनझान म्योहोजी या जपानी भिक्षुसंघाचं. हा संघ काढला निचिदात्सु फुजी यांनी, सगळे त्यांना फुजी गुरुजी म्हणतात. जन्म १८८५, जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावर, आणि गेले १९८५ मध्ये, वयाची शंभरी थोडक्यात हुकली. त्यांची परंपरा निचिरेन नावाच्या भिक्षूची, काळ १२२२ ते १२८२. निचिरेनने लिहून ठेवलं होतं की बौद्ध धर्म भारतातून पूर्वेला सरकत जपानपर्यंत आला तसा तो एक दिवस जपानमधून उलटा पश्चिमेला, भारतात जाईल. आता असलं काही सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात सापडलं की लोक श्रद्धेने वाचतात आणि मिटून ठेवतात. फुजींनी ते कामाला लावलं. १९३१ मध्ये जहाजाने कलकत्त्याला उतरले आणि ढोल वाजवत, मंत्र म्हणत देशभर फिरायला लागले. १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, तिथे राहिले. गांधीजींना तो ढोल आणि मंत्र इतका भावला की आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवातच त्या मंत्राने व्हायला लागली. सेवाग्रामला आजही प्रार्थनेला बसलात तर पहिलं तेच ऐकू येतं, 'नम्यो हो रेंगे क्यो'. तुम्ही वरळीला ऐकता तेही हेच. म्हणजे तुमचे सिक्युरिटीवाले काका तुम्ही समजता तितके चुकीचे नाहीत.
आणि यातला खरा किस्सा पुढे आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला तसं इंग्रज सरकारने भारतातल्या जपानी माणसांची धरपकड केली. दिल्लीचा पुराना किल्ला आणि नंतर राजस्थानातलं देवळी, इथे त्यांच्या छावण्या होत्या. फुजींच्या संघातला एक भिक्षू तेव्हा सेवाग्राम आश्रमात राहत होता, त्यालाही नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये जपानी जनतेला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल त्यात जपानला चांगलं सुनावलंय, इंग्रज जातायत म्हणून तुमचं इथे स्वागत होईल अशा भ्रमात राहू नका असंही सांगितलंय. पण त्याच पत्रात या भिक्षूची आठवण आहे. त्याचं काम, त्याचं हसू, आणि जाताना तो मागे ठेवून गेलेली त्याची प्रार्थना आणि लहानसा ढोल, त्यावरच आम्ही सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला सुरुवात करतो असं ते लिहितात. छोडो भारतच्या महिनाभर आधीचं पत्र आहे हे. सगळीकडे जपानी बॉम्बची भीती, आणि आश्रमात जपानी मंत्राने दिवस उजाडतोय. शाळेच्या पुस्तकात हे का नाही देव जाणे.
आता मुंबई. इथे जपानी लोक गुरुजींच्या खूप आधीपासून होते, आणि आले कापसासाठी. जपानच्या गिरण्यांना आपला कापूस लागायचा आणि तो न्यायची मक्तेदारी पी अँड ओ या इंग्रजी जहाज कंपनीकडे, भाडं त्यांच्या मर्जीचं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पोन युसेन कायशा या जपानी कंपनीशी हात मिळवून कोबे ते मुंबई अशी वेगळी जहाजं सुरू केली. मग जपानी व्यापारी कंपन्यांची ऑफिसं फोर्टात आली, माणसं आली, आणि त्या काळात जसं होतं तसं कामाठीपुऱ्यात गरीब घरच्या जपानी मुलीही आणल्या गेल्या. त्यातले जे इथेच मेले त्यांच्यासाठी वरळीलाच डॉ. ई. मोझेस रोडला जपानी दफनभूमी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. म्हणजे १९३० च्या दशकात फुजींचा संघ मुंबईत आला तेव्हा मंत्र ऐकायला इथे आधीच जपानी वस्ती होती. मंदिर त्या दशकातलं, आत्ता दिसते ती इमारत १९५० च्या दशकातली, आणि पैसा जुगलकिशोर बिर्लांचा. तर तुमच्या मॅडमही बरोबर.

खडूस_काका
वर छान लिहिलंय पण 'पैसा बिर्लांचा' म्हणून एका ओळीत गुंडाळलंत ते पटलं नाही. जुगलकिशोर बिर्ला हे घनश्यामदासांचे थोरले बंधू. गांधीजींच्या जवळचे घनश्यामदास. जुगलकिशोर यांचा कल हिंदू महासभेकडे. बौद्ध, जैन, शीख हे सगळे आर्य धर्माच्याच शाखा, असं त्यांचं ठाम मत, आणि त्या हिशोबाने त्यांनी बौद्ध मंदिरं नि धर्मशाळा बांधायला सढळ हाताने पैसे दिले. दिल्लीच्या बिर्ला मंदिराच्या आवारातच बुद्धविहार आहे बघा, १९३९चं उद्घाटन, गांधीजींच्या हस्ते. सारनाथ, कुशीनगर सगळीकडे बिर्लांचं काही ना काही सापडेल. तेव्हा हे दान होतं हे खरं, पण त्यामागे एक विचार होता आणि तो सगळ्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. ज्यांनी १९५६ मध्ये बाबासाहेबांसोबत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली ते बावीस प्रतिज्ञांमध्ये स्पष्ट म्हणतात की बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही. एकाच शहरात हे दोन्ही आहे.
आणि फुजी गुरुजींबद्दलही एवढं गोड गोड नको. त्यांचं पहिलं मंदिर १९१८ मध्ये मंचुरियात झालं, जिथे तेव्हा जपान सैन्यासकट पाय रोवत होता. अण्वस्त्रांच्या विरोधातले, जगभर शांतिस्तूप बांधणारे गुरुजी हे मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीच्या नंतरचे. माणूस मोठा होता, वाद नाही, १९७८चा नेहरू पुरस्कारही मिळाला, पण आयुष्यभर एकसारखा कोणीच नसतो.

गिरणगावकर
काकांना अनुमोदन, आणि त्यात भर. मुंबईत १९५६ च्या आधी बौद्ध धर्म नव्हताच असं बऱ्याच जणांना वाटतं. वरळी धरून निदान तीन जागा त्याच्याही आधीच्या. एक आनंद विहार, मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलच्या बाजूला, ज्यांनी आईच्या नावाने ते हॉस्पिटल काढलं त्याच डॉ. आनंदराव नायर यांनी उभं केलेलं. दुसरं परळचं बहुजन विहार, हे धर्मानंद कोसंबींनी १९३७ च्या सुमारास काढलं, आणि तिथेही पैसा जुगलकिशोर बिर्लांचाच!
कोसंबींचा माणूस म्हणून विचार करा. गोव्यातल्या साखवाळचा सारस्वत, जन्म १८७६, घर सोडून बुद्ध शोधायला निघतो, पुण्याला संस्कृत, काशीला अन्नछत्रात जेवून शिक्षण, नेपाळ, मग श्रीलंकेत भिक्षू, ब्रह्मदेश, पुढे हार्वर्डला पाली ग्रंथाचं संपादन, रशियात शिकवणं, आणि शेवटी येऊन बसतो कुठे तर परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत. लायब्ररीत बसून आयुष्य काढता आलं असतं. ज्याच्याकडे आधी कोणी बुद्धाबद्दल बोलायला जात नव्हतं अशा माणसासाठी विहार हवं हा त्यांचा हट्ट. म्हणजे बिर्लांचा हेतू काय होता हे एक, आणि त्या पैशातून कोसंबींनी काय केलं हे दुसरं. जाता जाता, कोसंबी गेले तेही सेवाग्रामला, ४ जून १९४७, अन्नत्याग करून. फुजींचा ढोल जिथे वाजायचा तिथेच.
परळचं विहार बाहेरून बघून कोणालाही कळणार नाही की इथे इतकं काही आहे. वरळीचं त्या मानाने नशीबवान, निदान मेन रोडवर आहे.

बीडीडीचा_पोरगा
जय भीम सगळ्यांना. ताई तुम्ही ज्या मंदिराबद्दल विचारताय तिथे आमचं बालपण गेलंय, वरळी बीडीडीत वाढलोय, जांबोरी मैदानाच्या बाजूची चाळ, आता चाळी पाडून टॉवर होतायत, पहिल्या काही लोकांना २०२५ मध्ये चाव्या पण मिळाल्या, आमचा नंबर यायचाय.
आतलं सांगतो. बाहेरून बघाल तर जपानी पिक्चरमधल्यासारखं कोपरे वर वळलेलं छप्पर वगैरे काही नाही, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतच नाही. आत गेलं की समोर बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले, आणि बाजूला मोठा ढोल, तो भंतेजी दोन काठ्यांनी वाजवतात. बाकी बसलेल्यांच्या हातात छोटे ढोल असतात, गोल कडीवर एकाच बाजूने ताणलेलं चामडं आणि धरायला खाली लाकडी दांडा, थोडीफार आपली हलगी पण आवाज तितका टणटणीत नाही. एका हातात धरायचं, दुसऱ्या हातात काठी. आणि म्हणायचं ते एकच, न मु म्यो हो रें गे क्यो, परत परत, त्याच्या ठेक्यावर ढोल. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं आता गाथा सुरू होईल, मग सुत्तं होतील, पण नाय, तेच. पाच-दहा मिनिटांनी हात आपोआप चालतो आणि डोकं गप्प बसतं, मग बरं वाटायला लागतं.
आमच्या चाळीतली मंडळी दोन्ही करतात. पौर्णिमेला, १४ एप्रिलला चाळीतल्या विहारात त्रिशरण पंचशील, बुद्धवंदना पालीत, बाबासाहेबांचा फोटो समोर. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. आणि बुद्धपौर्णिमेला जपानी मंदिरात पण जायचं, वाट्याला आला तर ढोल वाजवायचा. आमच्या आजीला कोणीतरी एकदा बोललं की ते आपलं विहार नाय, महायान (चीन-जपानकडचा पंथ) आहे, बिर्लाचं आहे. आजी बोलली, म्हातारे भंते मला वाकून नमस्कार करतात, वरळीत दुसऱ्या कुठल्या देवळात मला कोणी वाकून नमस्कार केला ते सांग. विषय संपला.
ते नमस्काराचं खरंच तसं आहे. तिथले भंतेजी कोणीही आलं तरी हात जोडून खाली वाकतात, शाळेतलं पोरगं असो की झाडूवाला.

पाली_विद्यार्थी
बीडीडीवाले दादा, तुमच्या आजीने जे पकडलं ते त्या संघाच्या साधनेतलं मुख्य अंग आहे. थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर माफी.
तो मंत्र म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन, बाकी त्यात काही नाही. महायानातला हा फार मोठा ग्रंथ, मूळ संस्कृतात, पण जपानमध्ये वाचला जातो तो कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये केलेला चिनी अनुवाद. निचिरेनचं म्हणणं असं की बाकी सगळे ग्रंथ बाजूला ठेवा, या एका सूत्राचं नाव मनापासून घेतलंत तरी पुरे. म्हणून तिथे दुसऱ्या गाथा ऐकू येत नाहीत. जपानी लिपीत ती सात अक्षरं होतात आणि ती उभी लिहिलेली असतात, फटकारे बाजूंना लांब ओढलेले, निचिरेन परंपरेच्या कुठल्याही मंदिरात बघायला मिळतात.
या सूत्रात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेल्याची, गोष्ट आहे. हा भिक्षू ना फार वाचायचा ना प्रवचन द्यायचा. रस्त्यात जो दिसेल, भिक्षू असो की बाई असो की कोणी, त्याच्यासमोर वाकायचं आणि म्हणायचं, मी तुम्हाला कमी लेखत नाही, तुम्ही पुढे बुद्ध होणार आहात. लोक चिडायचे, हा कोण आम्हाला सांगणारा, काठ्या मारायचे, दगड फेकायचे. हा लांब पळायचा आणि तिथून ओरडून परत तेच म्हणायचा. फुजी गुरुजींनी हा नमस्कार आपल्या संघात साधना म्हणून घेतला. ढोल हा भाग लोकांच्या लक्षात राहतो कारण तो ऐकू येतो, पण माझ्या मते वाकणं हे जास्त महत्त्वाचं, आणि अवघडही. ज्या देशात कोणाला वाकायचं आणि कोणाला नाही हे जन्मावरून ठरत आलं तिथे एक परदेशी म्हातारा येऊन सगळ्यांसमोर वाकतो, याचा परिणाम बीडीडीतल्या आजींना कळला तितका आम्हा पुस्तकवाल्यांना कळत नाही.
मेधाताई, तुमच्या मुलांना आधी एक गोष्ट सांगून न्या, याच सूत्रातली. एका श्रीमंत माणसाच्या जुन्या वाड्याला आग लागते, मुलं आत खेळण्यात दंग, बाप बाहेरून ओरडतोय तरी ऐकत नाहीत. शेवटी तो म्हणतो, बाहेर या, तुमच्यासाठी बोकडाची गाडी, हरणाची गाडी, बैलाची गाडी आणलीय. पोरं धावत बाहेर. मग तो सगळ्यांनाच मोठी बैलगाडी देतो. ११ वर्षांचं विचारेल की म्हणजे बाप खोटं बोलला का. विचारू द्या, सूत्रात बुद्ध हाच प्रश्न आपल्या शिष्याला, शारिपुत्राला विचारतो.
अजून एक. हे सूत्र मुंबईत १९३० च्या दशकात जपानी लोकांनी आणलं असं म्हणताना जरा थांबायला हवं. कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचा मोठा शिल्पपट आहे, मध्ये तो उभा आणि दोन्ही बाजूंना माणसं संकटात सापडलेली, कुठे हत्ती मागे लागलाय, कुठे साप, कुठे आग, कुठे बुडणारं जहाज, आणि तो त्यांना सोडवतोय. या संकटांची यादी सद्धर्मपुंडरीकाच्या अवलोकितेश्वरावरच्या प्रकरणात आहे, संस्कृत प्रतीत ते २४ वं. म्हणजे कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी ज्या लेण्यांना दान द्यायचे तिथे हे सूत्र सहाव्या शतकाच्या आसपास दगडात कोरलेलं आहे. जहाज बुडायची भीती त्यांच्याइतकी कोणाला असणार! निचिरेनचा जन्मही व्हायचा होता तेव्हा. तर बोरिवलीच्या डोंगरातून गेलेली गोष्ट चीन-जपान फिरून वरळी नाक्याला परत आली, असं निदान मला तरी म्हणायला आवडतं. पुराव्याने सरळ रेघ ओढता येणार नाही, मधे बरीच शतकं नि बरेच देश आहेत, पण मजा आहे.

ट्रेकर_सुप्रिया
पाली_विद्यार्थी, ९० नंबरसाठी धन्यवाद. कान्हेरीला इतकी वर्षं जातोय, ३ नंबरचा चैत्य बघून नि ११ नंबरच्या दरबार हॉलमध्ये बसून डबा खाऊन परत. वर चढून जायचा कंटाळा.
मी अजून एक जोडते. या संघाचे शांतिस्तूप भारतात बऱ्याच जणांनी पाहिलेत, फक्त वरळीवाल्यांचेच हे भाऊबंद हे माहीत नसतं. राजगीरला रोपवेने वर जातो तो पांढरा स्तूप (१९६९), ओडिशात धौलीला अशोकाच्या शिलालेखाच्या समोरच्या टेकडीवरचा, दार्जिलिंगचा, आणि लेहचा, जिथे सगळे संध्याकाळी सेल्फी काढायला जातात. लेहला स्तूपाच्या खालच्या मंदिरात तोच ढोल, तोच मंत्र. आमच्या ग्रुपमध्ये एकजण वरळीचा होता, तो तिथे उभा राहून म्हणाला, अरे हा तर आमच्या पोदारसमोरचा आवाज. अकरा हजार फुटांवर!
६ ऑगस्टला हिरोशिमा दिनाच्या शांतता फेरीतही मी हे हातातले ढोल पाहिलेत.

मेधा_कांदिवली
बापरे, मी दोन ओळींच्या उत्तराची अपेक्षा केली होती! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सदापरिभूताची गोष्ट धाकट्याला काल सांगितली, त्याला दगड खाऊन पळत पळत परत तेच ओरडणारा माणूस प्रचंड आवडलाय, आता घरात कोणी रागावलं की दाराआड जाऊन 'मी तुम्हाला कमी लेखत नाही' ओरडतो.
येत्या शनिवारी जायचं ठरवतोय. अजून थोडं विचारते, कपड्यांचं काही आहे का, फुलं वगैरे न्यायची का, आमच्याकडे गणपती आहे, आम्ही बौद्ध नाही, तर ढोल हातात घेतलेला चालेल का? आणि ती जपानी दफनभूमी बघता येते का, मोठ्या मुलीला इतिहासाचं वेड आहे. गोराईचा पॅगोडा याच लोकांचा का?

खडूस_काका
गोराईचा नाही. तो विपश्यनेचा, सत्यनारायण गोयंका गुरुजींचा, परंपरा ब्रह्मदेशातली. २००९ मध्ये उद्घाटन झालं, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या होत्या. आत एकही खांब नसलेला दगडी घुमट, एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. तिथे ढोल काय, जोरात शिंकलात तरी लोक वळून बघतात. मुलांना दोन्ही दाखवा, एकाच बुद्धाकडे जायच्या दोन अगदी उलट्या तऱ्हा.
गणपतीचं टेन्शन नको. जपानमध्ये आपला गणपती कांगितेन नावाने पुजतात, त्यांना सवय आहे.

जुनीमुंबई
दफनभूमी हे पर्यटनाचं ठिकाण नाही, गेटवर जो असेल त्याला विचारून, परवानगी मिळाली तरच जा, आणि मुलीला आधी सांगा की तिथल्या दगडांखाली बरीचशी माणसं कमी वयात, घरापासून फार लांब मेलेली आहेत. त्यापेक्षा आधी मंदिरात जाऊन भंतेजींना विचारलंत तर उत्तम. इतिहासाचं वेड असेल तर दुसऱ्या एखाद्या सुट्टीत नालासोपाऱ्याचा स्तूप दाखवा. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी मिळाली, तिच्यात बुद्धांच्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. गावातले लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. ऐवज एशियाटिक सोसायटीकडे आहे.

बीडीडीचा_पोरगा
ताई बिनधास्त जा. कपडे रोजचे चालतात, चपला बाहेर, खाली बसायचं. फुलं न्या नायतर नका नेऊ, कोणी विचारत नाय. जातबित, धर्म पण कोणी विचारत नाय. प्रार्थना सकाळ-संध्याकाळ असते, मुलांना ढोलच बघायचाय तर दिवेलागणीच्या आधी पोचा, दुपारी गेलात तर नुसतं शांत बसून यावं लागेल आणि ७ वर्षांचं पोरगं शांत बसणार नाय हे मला पण माहितीय. फोटो काढायचा तर आधी विचारा, प्रार्थना चालू असताना मोबाईल खिशात.
कांदिवलीवरून लोअर परळला उतरा, तिथून बस किंवा टॅक्सीने वरळी नाका. मेट्रोने येत असाल तर आचार्य अत्रे चौक. पोदार हॉस्पिटल कोणालाही विचारा, समोरच आहे. जपानी मंदिर बोललात तर सांगतील, निप्पोन काय ते बोललात तर कोणाला कळणार नाय.
आणि धाकट्याला ढोल दिला तर काठीवर लक्ष ठेवा, पहिल्या दिवशी मी शेजारच्या काकांच्या गुडघ्यावर वाजवला होता.